एक मठवासी, एक कॅनन आणि फेसाळ पेला

आपल्या समाजात लग्नाच्या स्वागतसमारंभात वधूवरांसाठी टोस्ट उचलण्याची चाल आता रुळली आहे. वसईत असो, मुंबईच्या उपनगरांत असो वा गोव्यात, बाटलीचे बूच आवाज करीत उडते, फेस उसळतो, टाळ्या वाजतात, आणि कुणीतरी जाणकार शेजाऱ्याला सांगतो, "ही शँपेन एका आंधळ्या मठवाशाने शोधून काढली बरे का!" ऐकणाऱ्या धर्मगुरूने अशा वेळी काय करावे? मान डोलवावी, की इतिहास सांगावा? समारंभात मान डोलवणेच शहाणपणाचे असते. परंतु त्रैमासिकाच्या पानावर तसे करण्याचे कारण नाही. म्हणून या फेसाळ द्राक्षारसाच्या इतिहासाशी जोडल्या गेलेल्या ख्रिस्तसभेच्या दोन सेवकांची हकीकत येथे मांडतो. त्यांपैकी एकाला त्याने न केलेल्या कामाचे श्रेय मिळाले. दुसऱ्याने जे केले ते लोक विसरले, आणि त्याने पाहुण्यांपुढे ठेवलेला पेला मात्र जगाने लक्षात ठेवला.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. युरोपातील मठ आणि द्राक्षमळे यांचे नाते चैनीतून जन्मलेले नाही. पवित्र मिस्सेसाठी द्राक्षारस लागतो, आणि तो द्राक्षांपासून नैसर्गिक रीतीने झालेला व न बिघडलेला असावा, असा ख्रिस्तसभेचा आजही नियम आहे. रस्ते वाईट, वाहतूक महाग आणि पिंपातला माल वाटेत आंबट होण्याची धास्ती, अशा काळात ज्याला रोज मिस्सा करावयाची आहे त्याने मळा आपल्या दारात लावणे हाच सुरक्षित मार्ग होता. शिवाय पाहुण्यांचे आदरातिथ्य हे बेनेडिक्टाईन मठांचे व्रतच आहे, आणि उरलेला माल विकून मठाचा खर्च भागत असे. द्राक्षमळ्याचा हिशेब ठेवणारा आणि तळघर सांभाळणारा मठवासी हा अशा ठिकाणी मोठ्या जबाबदारीचा माणूस असे.

दों पेरिन्यों हा असाच एक माणूस. त्याचा जन्म सुमारे १६३८ सालचा, मृत्यू १७१५ सालचा; म्हणजे फ्रान्सचा राजा चौदावा लुई याचे आणि त्याचे आयुष्य जवळजवळ एकाच वेळी सुरू झाले आणि एकाच वर्षी संपले. शँपेन प्रांतात, एपेर्ने गावाजवळच्या टेकडीवर, ओव्हिले येथे बेनेडिक्टाईन मठ होता. १६६८ पासून मरेपर्यंत, सत्तेचाळीस वर्षे, त्या मठाचे कोठार, हिशेब आणि तळघर पेरिन्योंच्या हाती होते. वेलींची छाटणी कडक ठेवावी, म्हणजे फळ थोडे पण कसदार येते. तोडणी सकाळच्या गारव्यात करावी. चेपलेली, फुटलेली द्राक्षे बाजूला काढावीत. काळ्या द्राक्षांचा रस साल न रगडता हलक्या हाताने काढावा, म्हणजे तो पांढरा निघतो. आणि वेगवेगळ्या मळ्यांची फळे अशा प्रमाणात एकत्र करावीत की एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघेल. या शिस्तीशी त्याचे नाव जोडले गेले आहे. त्याच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १७१८ साली, शँपेन प्रांतातील मळे व द्राक्षारस यांवर एक पुस्तिका निघाली. ती रँसचे कॅनन झाँ गोदिनो यांच्या नावे ओळखली जाते, आणि तिच्यात असाच कष्टाळू कारभार दिसतो.

यात बुडबुडे कुठे आले? आले, पण ते शत्रू म्हणून. शँपेन हा फ्रान्सच्या उत्तरेचा, थंडीचा प्रांत. द्राक्षांचा हंगाम शरद ऋतूत संपतो, रस पिंपात आंबू लागतो, आणि गोडी पुरती संपण्याआधीच थंडी पडते. थंडीत किण्व झोपी जाते. लोकांना वाटते, काम झाले. वसंतात ऊब येताच ते पुन्हा जागे होते आणि राहिलेल्या साखरेवर काम सुरू करते. या क्रियेत कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. आपल्याकडे पहाटे उतरवलेली ताडी उन्हे चढताच कशी फसफसू लागते, आणि गोव्यात त्याच सुरेने सान्नांचे पीठ कसे फुगते, हे ज्याने पाहिले आहे त्याला हे शास्त्र वेगळे शिकवावयास नको. फरक इतकाच की ताडीच्या मडक्याला बूच नसते. बंद बाटलीत हा वायू जाणार कुठे? तो द्रवात विरतो, आणि दाब वाढत जाऊन एक तर बूच उडवतो, नाहीतर बाटली फोडतो. एक बाटली फुटली की तिच्या धक्क्याने शेजारच्या फुटत. असला चंचल माल जबाबदार कोठारप्रमुखाला कसा आवडावा? पेरिन्योंने स्थिर द्राक्षारस उत्तम करण्यासाठी आयुष्य वेचले, आणि बुडबुडे हा त्याच्या लेखी दोष होता, असेच आजचे इतिहासकार सांगतात.

मग फेसाला गुण कुणी मानले? बव्हंशी इंग्रजांनी. शँपेन प्रांतातला द्राक्षारस पिंपांतून लंडनला जाई आणि तेथे बाटल्यांत भरला जाई. इंग्लंडात एक योगायोग झालेला होता. जहाजांसाठी लाकूड राखून ठेवावे म्हणून १६१५ साली राजा पहिला जेम्स याने काचेच्या भट्ट्यांत लाकूड जाळण्यास बंदी केली. भट्टीवाले दगडी कोळशाकडे वळले, आच वाढली, आणि काच पूर्वीपेक्षा जाड व मजबूत होऊ लागली. वायूचा दाब सोसणारी बाटली अशी आरमाराच्या गरजेतून जन्मली. त्याच लंडनमध्ये डिसेंबर १६६२ मध्ये क्रिस्टोफर मेरेट या वैद्याने रॉयल सोसायटीपुढे एक निबंध सादर केला. द्राक्षारस चुणचुणीत व फेसाळ व्हावा म्हणून इथले व्यापारी त्यात साखर आणि काकवी घालतात, अशी नोंद त्यात आहे. तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात: मेरेटचा निबंध १६६२ चा, आणि पेरिन्योंच्या हाती तळघराच्या किल्ल्या आल्या त्या १६६८ साली.

फ्रान्समध्ये फेसाळ द्राक्षारसाचा व्यापार उभा राहिला तो राजाने १७२८ साली बाटल्यांतून वाहतूक करण्यास परवानगी दिल्यावर. लगेच पुढच्या वर्षी निकोला रुइनार याने आपली पेढी काढली. त्याचे काका दों तियेरी रुइनार हे विद्वान बेनेडिक्टाईन मठवासी होते. तेव्हा मठाचा आणि शँपेनचा संबंध खोटा आहे असे कुणी म्हणू नये. शोधाची कथा तेवढी खोटी आहे.

ती कथा कशी जन्मली हे मला मूळ कथेपेक्षाही मोलाचे वाटते. फ्रेंच राज्यक्रांतीने मठ बरखास्त केले. ओव्हिलेचे मठवासी पांगले, ग्रंथ आणि कागदपत्रे विखुरली. त्या मठाचे शेवटच्या काळातील कारभारी दों ग्रोसार हे पुढे एका धर्मग्रामात धर्मगुरू म्हणून राहिले. १८२१ साली, म्हातारपणी, त्यांनी जवळच्या आय् या गावच्या एका अधिकाऱ्याला पत्र लिहिले. फेसाळ पांढरा द्राक्षारस करण्याचे रहस्य आमच्या दों पेरिन्यों यांनी शोधले, बाटलीला बूच लावण्याची युक्तीही त्यांचीच, नुसते फळ चाखून ते कोणत्या मळ्याचे हे त्यांना कळे, अशा गोष्टी त्यात आहेत. पेरिन्यों जाऊन तोवर शंभरहून अधिक वर्षे झाली होती.

या वृद्ध धर्मगुरूला खोटारडा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. माझ्याने ते होत नाही. ज्या घरात त्याने तारुण्य घालवले ते घर त्याच्या डोळ्यांदेखत मोडले होते. मठवासी म्हणजे आळशी, फुकटखाऊ माणसे, असे त्या काळचे लोकमत होते. त्याला सांगावयाचे होते की आम्हीही काही केले, आमच्या हातून देशाला काही मिळाले. यासाठी त्याने आपल्या एका पूर्वजाला जे सहज शोभेल ते दिले. पण प्रेमापोटी दिले म्हणून ते खरे ठरत नाही. उलट त्यामुळे पेरिन्योंची खरी सत्तेचाळीस वर्षे झाकली गेली. छाटणी, निवड आणि मिश्रण ही कामे कंटाळवाणी, आणि रहस्याची गोष्ट चटकदार! पुढे व्यापाऱ्यांनी ती उचलली. पहिला घोट घेताच आपण तारे पीत आहोत असे म्हणत त्याने सोबत्यांना हाक मारली, हे वाक्य एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या जाहिरातींपूर्वी कुठे सापडत नाही. मठाची वास्तू व मळे मोएत घराण्याकडे आले, आणि १९३६ पासून त्यांची सर्वांत महागडी बाटली दों पेरिन्यों या नावाने विकली जाऊ लागली. गरिबीचे व्रत घेतलेल्या माणसाच्या नावाचा हा प्रवास आहे.

बाटल्या फुटण्याचे संकट मात्र बरीच वर्षे टळले नाही. तळघरातले कामगार तोंडावर लोखंडी जाळीचे मुखवटे चढवून वावरत. १८३६ साली शालों येथील झाँ-बातिस्त फ्रान्स्वा या औषधविक्रेत्याने बाटलीत किती साखर घातली असता किती दाब निर्माण होईल हे मोजण्याची रीत प्रसिद्ध केली, तेव्हा कुठे हा धंदा अंदाजाकडून मापाकडे वळला. लिटरमागे सुमारे चोवीस ग्रॅम साखर म्हणजे सहा वातावरणांचा दाब, मोटारीच्या टायरातल्या हवेच्या दुपटीहून कितीतरी अधिक. त्याआधी मादाम क्लिको या तरुण विधवेच्या तळघरात बाटल्या उलट्या तिरप्या ठेवून, रोज थोड्या फिरवून, गाळ बुचाशी आणण्याची पद्धत रूढ झाली होती. आज आपल्याला नितळ द्राक्षारस मिळतो तो त्या पद्धतीमुळे.

फेसाळ द्राक्षारसात दुसरे काही मिसळून पिण्याची रीत एकोणिसाव्या शतकातली. जेरी थॉमस या अमेरिकन पेयकाराच्या १८६२ च्या पुस्तकात शँपेनचे मिश्रपेय आहे. व्हेनिसमध्ये १९३१ साली हॅरीज बार उघडणाऱ्या ज्युझेप्पे चिप्रियानी यांनी पांढऱ्या पीच फळाचा गर तिकडच्या प्रोसेक्को या फेसाळ वाईनमध्ये घातला आणि त्या गुलाबी पेयाला जोव्हानी बेल्लिनी या चित्रकाराचे नाव दिले. बेल्लिनीच्या चित्रातील एका संताच्या झग्याचा रंग त्यांना आठवला, असे सांगतात. संत्र्याचा रस घातलेली पेयेही पुष्कळ आहेत. पण आपल्याला जावयाचे आहे ते बर्गंडीत, दिजाँ शहरी.

फेलिक्स कीर यांचा जन्म जानेवारी १८७६ चा, दिजाँजवळच्या आलीझ-सँत-रेन या खेड्यातला. १९०१ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली, १९३१ साली ते सन्माननीय कॅनन झाले. जून १९४० मध्ये जर्मन सैन्य दिजाँच्या वेशीवर आले तेव्हा महापौर शहर सोडून गेले होते. चौसष्ट वर्षांचे कॅनन कीर मागे राहिले आणि शहराचा कारभार पाहणाऱ्या समितीत बसले. जवळच्या लोंगव्हिक येथील छावणीतून फ्रेंच युद्धकैद्यांना बाहेर काढण्यात त्यांचा हात होता. तो आकडा पाच हजारांच्या घरात सांगितला जातो. कॅननमहाशयांना गोष्ट रंगवून सांगण्याची हौस होती, म्हणून इतिहासकार आकड्यांबाबत सावध असतात, पण जोखमीबाबत शंका नाही. जर्मनांनी त्यांना कैदेत टाकले. जानेवारी १९४४ मध्ये जर्मनांच्या बाजूच्या मारेकऱ्यांनी त्यांच्या घरी येऊन त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. ते जखमी झाले, वाचले, शहर सोडून लपून राहिले, आणि त्या वर्षी ११ सप्टेंबरला दिजाँ मुक्त झाले तेव्हा परतले.

१९४५ साली लोकांनी त्यांना महापौर केले. एकोणसत्तर वर्षांचे होते ते! त्याच वर्षी संसदेवरही निवडून गेले, आणि काळा झगा घालून तेथे १९६७ पर्यंत बसले. महापौरपद सुटले ते एप्रिल १९६८ मध्ये, ब्याण्णवाव्या वर्षी, मृत्यूनेच. युद्धात पोळलेल्या या माणसाने दिजाँचे नाते परदेशी शहरांशी जोडण्याचा ध्यास घेतला. जर्मनीतले माइन्स, इंग्लंडातले यॉर्क, इतकेच काय, रशियातले स्टालिनग्रादही. १९६० साली सोव्हिएत नेते ख्रुश्चेव दिजाँला येणार होते. धर्मगुरूने त्यांचे स्वागत करू नये असा बिशपमहाशयांचा आदेश निघाला, आणि त्या दिवशी महापौर स्वागताला नव्हते. आज्ञापालन आणि नगराचे प्रमुखपण या दोहोंच्या मध्ये सापडलेल्या त्या म्हाताऱ्याची स्थिती आम्हा धर्मगुरूंना अधिक चांगली कळावी. आज अशी दोन पदे एकाच माणसाकडे राहू देण्यास ख्रिस्तसभेचा कायदा सहसा तयार नसतो, आणि ते बरेच आहे, असे माझे मत आहे.

आता पेल्याकडे येऊ. दिजाँच्या आसपास कासीस नावाचे झुडूप पिकते. त्याची काळी आंबट फळे आपल्या करवंदाहून लहान असतात. इंग्रजीत त्याला ब्लॅक करंट म्हणतात, पण आपल्या काळ्या मनुकांशी त्याचे नाते नाही. १८४१ साली ओग्यूस्त-दनी लागूत याने या फळांचे गोड मद्य दिजाँमध्ये तयार केले. ते इतके गोड असते की लिटरमागे किमान चारशे ग्रॅम साखर असावी असा आज युरोपचा नियम आहे. त्याच मुलखात आलिगोते नावाच्या द्राक्षाचा पांढरा द्राक्षारस होतो, आणि तो चांगलाच आंबट असतो. आंबटाला गोडाची जोड देणे हा स्वयंपाकघरातला जुना न्याय आहे. त्यामुळे पांढरा द्राक्षारस आणि कासीस यांचे मिश्रण कीर यांच्या कितीतरी आधीपासून तिथल्या खानावळींत चालत असे. जर्मनांनी तांबडा द्राक्षारस पळवला म्हणून कॅननने पांढऱ्याला तांबडा रंग दिला, ही आणखी एक चटकदार गोष्ट, पेरिन्योंच्या ताऱ्यांच्याच जातीची.

कीर यांनी केले ते एवढेच: नगरभवनात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला त्यांनी हाच पेला दिला. युद्धाने खचलेल्या मुलखातला शेतकरी, मळेवाला आणि कारागीर यांचा माल पाहुण्यांच्या ओठी लागावा, हा त्यात हिशेब होता. पाहुणे घरी जाऊन "कीर यांचे पेय" मागू लागले. १९५१ साली त्यांनी संसदेच्या कागदावर पत्र लिहून आपले नाव वापरण्याचा एकमेव हक्क लजे-लागूत या पेढीला दिला. मग शहरातल्या दुसऱ्या उत्पादकांनी विचारले, तेव्हा त्यांनाही उदारपणे परवानगी देऊन टाकली! एकमेव हक्क चौघांना वाटण्याचे हे औदार्य वकिलांना पुरून उरले. १९९२ साली, कीर जाऊन चोवीस वर्षे झाल्यावर, फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायपीठाने लजे-लागूतच्या बाजूने निर्णय दिला. स्थिर द्राक्षारसाऐवजी फेसाळ घातला की त्याच पेयाला "कीर रॉयल" म्हणतात. खटल्यात हेही नाव होते.

हे पेय घरच्या सोहळ्यात करावयाचे झाल्यास त्यात कौशल्य थोडे आणि शिस्त अधिक लागते. बाटली बर्फ-पाण्याच्या भांड्यात अर्धा-पाऊण तास ठेवून पुरती गार करावी. गार द्रव वायू धरून ठेवतो, कोमट द्रव तो सोडून देतो, म्हणून घाई झाली की अर्धी बाटली जमिनीवर जाते. बुचावरच्या तारेला सहा अर्धे वेढे असतात. ते सोडताना अंगठा बुचावर असावा आणि बाटलीचे तोंड माणसांकडे, विशेषतः मुलांकडे, कधीही नसावे. वर दाबाचा आकडा दिला आहे, तो ध्यानात ठेवावा. बूच घट्ट धरावे आणि बाटली फिरवावी, म्हणजे ते सुस्काऱ्यासारखा आवाज करून सुटते. टाळ्यांसाठी बूच उडवणाऱ्यांना हे रुचणार नाही. उंच, अरुंद पेल्यात आधी कासीस, दोन लहान चमचे, म्हणजे दहा मिलिलिटर; त्यावर पेला तिरपा धरून नव्वद मिलिलिटर गार फेसाळ वाईन सावकाश. जुने दिजाँकर कासीस तिसऱ्या हिश्शापर्यंत घालीत, आपल्या जिभेला ते पाकासारखे लागेल. ढवळू नये, बर्फ घालू नये. महागडी शँपेन यात घालणे हा अपव्यय आहे. खुद्द बर्गंडीत तिथलीच क्रेमाँ ही स्वस्त फेसाळ वाईन वापरतात.

आपल्याकडेही आता दूर जावे लागत नाही. १९८० च्या दशकात पुणे जिल्ह्यातील नारायणगावी फ्रान्सच्या पायपर-हाइडसिक पेढीच्या तांत्रिक साहाय्याने फेसाळ वाईन तयार झाली आणि "ओमर खय्याम" या नावाने परदेशी गेली. त्यानंतर नाशिकची द्राक्षे या कामी आली. ज्या मोएत घराण्याकडे पेरिन्योंचा मठ गेला त्याच समूहाची शांदों ही बाटली २०१३ पासून नाशिकच्या द्राक्षांतून निघते. तिच्यावर शँपेन हा शब्द मात्र लिहीत नाहीत, कारण तो त्या प्रांताच्या मालापुरताच राखलेला आहे.

कासीस इकडच्या दुकानांत सहज मिळत नाही आणि मिळाले तर महाग पडते. त्याच्या जागी कोकणातले साखरपाकातले अमृत कोकम घालून पाहावे. रंग जवळपास तोच येतो आणि आंबटपणा कासीसची आठवण देतो. मात्र आगळ घेऊ नये, ते खारट असते, आणि जिरे घातलेले सरबतही नको. ज्यांना मद्य वर्ज्य आहे, ज्यांना गाडी चालवून परतावयाचे आहे, आणि घरातली मुले, यांच्यासाठी त्याच पेल्यांत तेच अमृत कोकम घालून वरून गार सोडा ओतावा. टोस्टच्या वेळी सर्वांच्या हाती एकाच रंगाचा पेला असतो, आणि कुणाच्या पेल्यात काय आहे हे कुणी विचारीत नाही.